किती पाण्यात कुणाचं घर

मत्स्यालयातली उंच टाकी बांधून झाली, पाणी भरलं, मासे सोडले, आणि सगळेच्या सगळे मासे वरच्या मजल्यावर जाऊन राहिले.

टाकी तीन मजली होती. तिच्याभोवती गोल फिरत खाली उतरणारा रुंद रस्ता केला होता. कल्पना संचालिकाबाईंची. लोकांनी वरून आत शिरायचं, आधी लाटा फुटतात तो प्रवाळखडकाचा माथा बघायचा, मग रमतगमत खाली यायचं आणि जसजसं खोल जावं तसतसे मासे कसे बदलत जातात ते काचेतून पाहायचं. नकाशात हे फार देखणं दिसत होतं. प्रत्यक्षात वरच्या मजल्यावर बस सुटायच्या वेळी दारात होते तशी माशांची झुंबड, मधल्या मजल्यावर एखाददुसरा वाट चुकलेला, आणि तळमजल्यावर नुसते खडक. म्हणायला तळाशी एक हेकरू होता. हा जाड ओठांचा, आडदांड मासा खडकाच्या आडोशाला दबा धरून बसतो आणि समोर येईल ते गिळतो. पण तोही बिचारा एका पाइपाला टेकून तोंड फुगवून पडलेला असायचा.

या टाकीची जबाबदारी ज्याच्यावर होती त्याला मत्स्यालयात सगळे दादा म्हणत. पन्नाशी उलटलेला, जाड भिंगांचा चष्मा, बाह्या कायम कोपरापर्यंत दुमडलेल्या. उमेदीची सगळी वर्षं त्याने माशांच्या देखभालीत घालवली होती. मासा पोहताना जरा कलला की त्याला काय होतंय हे दादाला कळायचं. त्यामुळे टाकीसमोर उभं राहून डोकं खाजवायची पाळी आली, तेव्हा त्याला ते फार लागलं.

एका सकाळी संचालिकाबाई उतारावरून खाली येऊन त्याच्या शेजारी उभ्या राहिल्या.

“दादा, काल माझी बहीण आली होती टाकी बघायला. तिने विचारलं, तळमजल्यावर काय आहे? मी काय सांगितलं असेल?”

“काय?”

“बाहेर जायचा दरवाजा.”

दादा हसला, पण ओशाळून. बाई काही वाईट नव्हत्या. त्यांना नीटनेटकं काम आवडायचं आणि उद्घाटनाची तारीख ठरली होती. त्या म्हणाल्या, “काचवाला म्हणतोय, मध्ये दोन आडव्या काचा बसवून देतो. मग ज्याला जिथे सोडू तो तिथेच राहील.”

“मग ती एक टाकी कुठे राहिली, बाई? टाक्यांची उतरंड होईल.”

“चालेल की. लोकांना उतरंड दिसणार नाही, मासे दिसतील.”

“माशांना दिसेल ना.”

बाईंनी जरा विचार केला. “ठीक आहे. तुम्ही काहीतरी करून बघा. जमलं नाही तर मात्र मी काचवाल्याला बोलावणार.”

दादाचं घर चष्म्यांच्या दुकानावर होतं. दुकान त्याच्या बायकोचं. ती डोळे तपासायची, चष्मे बनवायची. भिंगं घासायचं यंत्र सुरू झालं की त्याची घरघर जिन्यावरून थेट जेवणाच्या टेबलापर्यंत यायची. त्या संध्याकाळी दादाने पानात नुसतीच चिवडाचिवड केली, तेव्हा ती म्हणाली, “मासे जेवले आणि तुम्ही उपाशी?”

“मासे नको तिथे जेवतायत, तोच तर घोळ आहे.”

त्याने सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मग मासोळीला विचारा की. ती याच कामात आहे ना?”

मासोळी म्हणजे दादाची धाकटी बहीण. लहानपणी ती तापाने अंथरुणाला खिळली होती, तेव्हा दादाने तिच्या उशाशी एका बरणीत दोन मासे आणून ठेवले होते. ताप उतरला तरी पोर बरणीपासून हलेना. दादाने तिला मासोळी म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव घरात कायमचं चिकटलं. मोठी होऊन ती समुद्राची अभ्यासक झाली. बसने आणि मग बोटीने जावं लागेल इतक्या लांबच्या एका संशोधन केंद्रात राहायची. तिचं काम ऐकायला सोपं होतं. प्रवाळखडकाच्या उतारावर ठरलेल्या खोलीला टेप ताणायची, तिच्या कडेने सावकाश पोहायचं आणि दोन्ही अंगांना दिसतील ते मासे मोजायचे. मग आणखी खाली जाऊन पुन्हा तेच. उथळ पाण्यात कोण राहतं, मधल्या पाण्यात कोण, खोलात कोण, आणि का, हे ती वर्षानुवर्षं शोधत होती.

दादाने फोन लावला. मासोळीने सगळं ऐकलं आणि विचारलं, “खालच्या मजल्यावर दिवे किती आहेत?”

“भरपूर आहेत. वर आहेत तितकेच. लोकांना दिसायला नको?”

“आणि खायला कुठून टाकतोस?”

“वरून. आणखी कुठून टाकणार?”

मासोळी खळखळून हसली. “मी मासा असते ना दादा, तर मीपण वरच राहिले असते.”

“अगं, पण तीन मजले पाणी आहे!”

“पाणी आहे, पण सगळं एकसारखंच आहे. समुद्रात दोन पावलं खाली गेलं तरी उजेड बदलतो, लाटेचा जोर बदलतो, खाणं बदलतं, लपायच्या जागा बदलतात. मासे खोली मोजत नाहीत. ते या गोष्टी बघून घर करतात.” मग ती म्हणाली, “हे फोनवर नाही समजायचं. तू ये इकडे. माझ्याबरोबर पाण्यात उतर.”

“टाकीचा पंप जरा कुरकुरतोय,” तो म्हणाला. “तो बघतो आणि सांगतो.”

फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, “पंप तर कोरा करकरीत आहे.”

मासोळी किती वर्षं बोलावत होती, आणि प्रत्येक वेळी कुठला ना कुठला पंप कुरकुरायचा. कधी गाळणी तुंबायची, कधी एखादा मासा आजारी पडायचा. खरी गोष्ट अशी की आयुष्य माशांमध्ये काढलेल्या या माणसाने समुद्रातला मासा समुद्रात कधी पाहिला नव्हता. त्याला पाण्याची भीती वाटायची. पोरवयात एका काकांनी पोहायला शिकवतो म्हणून त्याला धक्क्यावरून ढकललं होतं. नाकातोंडात पाणी गेलं, काकांनीच वर काढलं, सगळे हसले, तोही हसला आणि पुन्हा म्हणून पाण्यात उतरला नाही. मत्स्यालयात तो लांब दांड्याच्या ब्रशने बाहेरूनच काचा घासायचा. आत उतरायचं काम दुसरे करायचे. कोणी कधी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. बायकोला तेवढं माहीत होतं.

“भीती वाटते असं सांगून टाका ना तिला,” ती म्हणाली.

“या वयात?”

“मग कुठल्या वयात सांगणार?”

रात्रभर अंथरुणात कूस बदलून त्याने सकाळी चहा पिताना जाहीर केलं की आपण पोहायला शिकणार. बायकोने भुवया वर केल्या, दुसरं काही केलं नाही. दुपारी मात्र तिने पाणबुड्यांचं सामान विकणाऱ्याकडून एक मास्क मागवला आणि त्याच्या नंबरची भिंगं घासून आतून बसवायला घेतली. “एवढ्या लांब जाऊन सगळं धूसरच बघायचं असेल तर घरीच बसा,” ती यंत्राच्या घरघरीवरून ओरडून म्हणाली.

गावातल्या तरणतलावात सकाळी शाळकरी मुलींचा वर्ग असायचा. शिक्षिकेकडे दुसरी वेळच रिकामी नव्हती, म्हणून दादा त्यांच्यातच उभा राहिला, छातीपर्यंत पाण्यात, मुलींच्या डोक्यावरून उंटासारखा दिसणारा. शिक्षिका काठीसारखी सरळ आणि आवाजाने खणखणीत होती. “काका, पाणी तुमचं काही देणं लागत नाही. भांडू नका त्याच्याशी. आडवे व्हा!” पहिले काही दिवस दादा आडवा व्हायचा आणि तसाच तळाला जायचा. मुली टाळ्या वाजवायच्या. मग एके दिवशी तो तरंगला. छताकडे बघत, कान पाण्यात, हात पसरून. बाहेरचे सगळे आवाज बंद झाले होते आणि त्याला त्याचाच श्वास ऐकू येत होता. हे आपल्याला आवडतंय, हे कळल्यावर तो इतका दचकला की पुन्हा बुडाला.

पोहणं जमल्यावर पाठीला हवेची टाकी बांधून श्वास घ्यायचं शिक्षण झालं. तेही त्याच तलावात, त्याच शिक्षिकेच्या ओळखीच्या एका पाणबुड्याकडून. ते संपल्यावर दादाने रजा टाकली, मास्क मऊ फडक्यात गुंडाळला आणि बसमध्ये बसला.

केंद्रावर मासोळी धक्क्यावरच उभी होती. केस उन्हाने पिंगट झालेले, पाय अनवाणी. तिने दादाला मिठी मारली आणि त्याच्या पिशवीत डोकावून म्हणाली, “हे काय, मास्क? तू खरंच उतरणार?”

“म्हणजे, तुला काय वाटलं?”

“मला वाटलं, तू काठावर बसून मला प्रश्न विचारशील.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं लहान बोटीतून निघाली. समुद्र शांत होता. बोट चालवणारा पुढे बसला होता आणि इंजिनाच्या आवाजात मागचं बोलणं त्याला ऐकू जात नव्हतं. मासोळी नळ्या तपासत होती. वर न बघताच ती म्हणाली, “खरं सांगू दादा? मला कधीकधी वाटायचं, तुला माझं काम बघायचंच नाहीये. सगळे येऊन गेले. वहिनी एकटी येऊन गेली. तूच तेवढा नाही आलास.”

“तुझ्या कामाचं काही नव्हतं गं,” दादा म्हणाला. “मी पाण्याला भ्यायचो.”

मासोळीचे हात थांबले. “तू?”

“मीच.”

“आणि मला मासे कोणी आणून दिले होते?”

“ते बरणीत होते.”

दोघांनाही एकदम हसू फुटलं. इतकं की बोट चालवणाऱ्याने मागे वळून पाहिलं. हसून झाल्यावर तिने डोळे पुसले आणि म्हणाली, “वेडा आहेस. इतकी वर्षं पंपाला बदनाम केलंस. चल. मी तुझा हात सोडणार नाही, आणि नको वाटलं की अंगठा वर. लगेच वर येऊ.”

पाण्यात शिरल्यावर आधी त्याला काही दिसलंच नाही, नुसते बुडबुडे. मग बुडबुडे निवळले आणि खाली प्रवाळखडकाचा माथा दिसला. तिथे पाणी एका जागी ठरत नव्हतं. लाट आली की सगळं उजवीकडे, लाट ओसरली की सगळं डावीकडे. दादाही त्याबरोबर झुलत होता. प्रवाळ इथे बुटके आणि दणकट होते. ऊन थेट तळापर्यंत येत होतं आणि खडकावर हिरवट शेवाळाची बारीक लव होती. त्या लवेवर शेपटीपाशी पात्यासारखा काटा असलेले सर्जन मासे थव्याने चरत होते. गुरं चरावीत तसे, मान खाली घालून. बोटभर लांबीचा एक काळा मासा आपल्या वीतभर शेवाळाची राखण करत होता. दादाने खडकाला हात लावताच तो धावून आला आणि त्याने दादाच्या बोटाला चिमटा काढला. दादाच्या तोंडात नळी नसती तर तो ओरडला असता. मासोळीच्या नळीतून भसाभस बुडबुडे निघाले. ती हसत होती.

मग ती त्याला कडेने खाली घेऊन गेली. लाटेचं झुलणं थांबलं. इथे प्रवाळ फांद्याफांद्यांचे, टेबलासारखे, गोळ्यांसारखे, सगळ्या तऱ्हांचे होते आणि त्यांच्यात माशांची नुसती वर्दळ. फुलपाखरू मासे जोडीजोडीने फिरत होते. पोपट मासे चोचीने खडक खात होते. त्याचा कुरकुर आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येत होता. वर चरणाऱ्यांपैकी काही इथेही होते, पण तो चिमटा काढणारा काळा कुठे दिसेना. दादाला एकेक चेहरा ओळखीचा वाटत होता. याला आपण औषध दिलंय. याची अंडी आपण वाढवलीत. पण हे सगळे एकत्र, आपापल्या कामाला लागलेले, असे त्याने कधी पाहिले नव्हते.

पुढे खडकाची कड संपली आणि उतार सुरू झाला. दादाने खाली पाहिलं. निळं, मग गडद निळं, मग काहीच नाही. त्याचा श्वास जोरात चालायला लागला, नळीतली हवा पुरेना असं वाटलं. त्याने अंगठा वर करायला हात उचलला. मासोळीने त्याचा दुसरा हात घट्ट धरला आणि त्याला खाली नेण्याऐवजी समोर बोट दाखवलं. नुसतं बघ, असं.

समोर उघड्या पाण्यात बारीक माशांचा मोठा थवा लटकला होता. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. पोहत होते, पण पुढे जात नव्हते. प्रवाह जितका मागे ढकलत होता तितकंच ते पुढे पोहत होते. आणि मधूनच एकेक जण टुक करून काहीतरी टिपत होता. दादाला आधी कळेना, काय टिपतायत? पाण्यात तर काहीच नाही. मग त्याने डोळे बारीक केले आणि त्याला प्रवाहाबरोबर वाहत येणारे, धुळीच्या कणांएवढे जीव दिसले. यांना खाणं वरून पडत नाही. यांना ते समोरून येतं. हे जागेवर उभे राहतात आणि जेवण चालत यांच्या तोंडाशी येतं.

तो बघत राहिला. किती वेळ गेला त्याला कळलं नाही. उचललेला हात केव्हाच खाली आला होता.

मग दोघं उतारावरून आणखी थोडी खाली गेली, नवशिक्याला जिथवर परवानगी होती तिथवर. इथे रंग उरले नव्हते, सगळं निळसर राखाडी. प्रवाळ पसरट झाले होते, मिळेल तेवढा उजेड अंगावर घ्यायला ताटल्यांसारखे आडवे. चरणारे थवे मागे राहिले. त्यांच्या जागी कपारींमध्ये मोठ्या डोळ्यांचे, करड्या अंगाचे मासे अंधार धरून थांबले होते. मासोळीने विजेरी काढून एकावर उजेड टाकला आणि तो करडा मासा एकदम लालभडक झाला. विजेरी मिटली, पुन्हा करडा. लाल रंग इतक्या पाण्यातून खाली पोचतच नाही, त्यामुळे इथे लाल असणं म्हणजे न दिसणं. दादाने हे वाचलं होतं. पण वाचणं वेगळं.

त्या दुपारी ती दोघं केंद्राच्या खोलीत संगणकासमोर बसली. खोलीला खाऱ्या पाण्याचा आणि ओल्या रबराचा वास होता. खुर्च्यांवर पाणबुड्यांचे पोशाख वाळत घातले होते. माणूस सहज जाऊ शकत नाही अशा खोलीवर मासोळीने कॅमेरे सोडले होते, त्यांचं चित्रण ती दाखवत होती. अंधुक निळ्या पडद्यावर अनोळखी मासे येत आणि जात होते. वरच्यांपैकी बरेच तिथे नव्हतेच. शेवाळ खाणारे जवळजवळ संपले होते. वाहतं खाणं टिपणारे आणि इतर माशांना खाणारे, यांचाच वावर जास्त.

मग एक ओळखीचा मासा डुलत डुलत पडद्यावर आला. “अरे! हा तर सकाळी मधल्या पाण्यात होता,” दादा म्हणाला.

“हा सगळीकडे असतो. काहींना वरपासून खालपर्यंत कुठलंही पाणी चालतं. काहींना मात्र आपलीच गल्ली लागते. त्या चिमटा काढणाऱ्याला खाली आणून ठेवलंस तर तो जगायचा नाही. त्याचं शेवाळच इथे उगवत नाही.”

दादा खुर्चीत पुढे सरकला. “मासोळे, माझं काय चुकलंय सांगू? मी सगळ्यांना एकाच हाताने, एकाच जागेवरून वाढतोय. तुझ्या त्या थव्याला प्रवाह पाहिजे. माझ्या पंपाचं तोंड आहे वर, आणि मधला मजला म्हणजे साचलेलं तळं.”

मासोळीने त्याच्याकडे पाहिलं. “पंप! म्हणजे इतकी वर्षं तो खरंच कुरकुरत होता म्हणायचं.”

परतल्यावर दादाने संचालिकाबाईंपुढे योजना मांडली. वरच्या मजल्यावर कडक दिवे ठेवायचे आणि एक मोठी बादली बसवायची, जी भरली की आपोआप कलंडेल आणि लाट फुटेल. वरचे खडक आधी गच्चीवर उन्हात पाण्याच्या टबात ठेवायचे, म्हणजे त्यांच्यावर शेवाळ धरेल. पंपाचं तोंड मधल्या मजल्यावर आणायचं आणि बारीक खाणं त्या प्रवाहातच नळीने सोडायचं. तळाला कपारी करायच्या आणि दिवे जवळजवळ काढून टाकायचे. अगदी मंद, निळे तेवढे ठेवायचे.

“अंधारात लोक बघणार काय?” बाईंनी विचारलं.

“जे तिथे राहतं ते.”

“आणि पडले म्हणजे?”

याचा दादाने विचार केलेला नव्हता. बाईंनी केला. कठड्याखालून पायाशी उजेड पडेल अशा पट्ट्या त्यांनी स्वतः उभं राहून लावून घेतल्या.

सगळं काम झालं तरी मासे ऐकायला तयार नव्हते. पहिल्या दिवशी सगळे होते तिथेच, वर, हाताची वाट बघत. दादाने वरून खाणं टाकणं बंद केलं होतं, म्हणून त्यांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्याला अपराधी वाटलं. मग नारंगी रंगाच्या बारीक माशांपैकी काहींना मधल्या मजल्यावरचा प्रवाह सापडला. एकाने टिपलं, दुसऱ्याने पाहिलं, आणि आठवडा सरायच्या आत सगळा थवा प्रवाहाकडे तोंड करून तिथे लटकायला लागला. दादाने तो पाहिला आणि कोणी आसपास नाही याची खात्री करून काचेवर पापा घेतला. वरच्या खडकांवर सर्जन मासे चरू लागले. मोठ्या डोळ्यांचे मासे उजेड सोडून तळाच्या कपारींत शिरले. चिमणीएवढा एक काळा मासा बादलीखालच्या खडकाचा मालक झाला आणि घासायला आलेल्या ब्रशवर हल्ले करू लागला. तो ब्रश आता दादाच्या हातात होता आणि दादा टाकीच्या आत होता.

हेकरू मात्र रुसलेलाच. त्याच्यासाठी दादाने तळाला ऐसपैस गुहा केली होती, तोंड काचेकडे, म्हणजे लोकांना तो नीट दिसेल. तो आत शिरेना. पाइपाला टेकूनच पडलेला. दादाने खडक मागे घेतले, पुढे घेतले, काही उपयोग नाही. एका दुपारी संचालिकाबाई येऊन बराच वेळ त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या.

“दादा, माझं टेबल मी कसं ठेवलंय पाहिलंय? पाठ भिंतीला आणि दार तिरकं दिसेल असं. दाराकडे सरळ तोंड करून बसायला मला नाही आवडत. येणारा प्रत्येक जण अंगावरच येतोय असं वाटतं.”

दादाने त्याच दिवशी गुहेचं तोंड तिरकं फिरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाइपापाशी कोणी नव्हतं. गुहेच्या काळोखात दोन डोळे आणि एक जाड, तृप्त ओठ दिसत होता. दादा तीन मजले धावत वर गेला आणि बाईंच्या दारात उभा राहून, धापा टाकत, नुसताच मान डोलावत राहिला.

“बसला?” बाईंनी विचारलं.

“बसला!”

फक्त एका ठिपक्याठिपक्यांच्या फुग्या माशाने कुठलाही मजला आपला मानला नाही. दादा वर असला की तो वर, दादा खाली गेला की तो काचेमागून त्याच्याबरोबर खाली. दादाने फोनवर तक्रार केली तेव्हा मासोळी म्हणाली, “असू दे. असे माझ्याकडेपण आहेत.”

उद्घाटनाला मासोळी आली. बायकोने दुकान बंद ठेवलं. भाषणं आटोपशीर झाली, कारण संचालिकाबाईंनी सगळ्यांना उभं राहूनच बोलायला लावलं होतं. मग दारं उघडली आणि लोक उतारावरून खाली यायला लागले. वरच्या मजल्यावर बादली कलंडली की सगळे दचकत आणि हसत. मधल्या मजल्यावर बोलणं कमी झालं. नारंगी थव्यासमोर एक म्हातारं जोडपं हातात हात घालून इतका वेळ उभं राहिलं की मागच्यांना वळसा घालून जावं लागलं.

मासोळीने सगळं सावकाश बघितलं. शास्त्रज्ञाच्या नजरेने बघितलं, कारण मधूनच तिच्या कपाळाला आठ्या पडत होत्या. शेवटी ती म्हणाली, “तीन मजल्यांत मावेल तेवढा समुद्र आहे. खोटा कुठे नाही वाटत.”

दादाला एवढं पुरे होतं. त्याच्या बायकोला नव्हतं. ती म्हणाली, “छान झालंय असं सरळ म्हण की गं.”

“छान झालंय, वहिनी. फार छान झालंय.”

तळमजल्यावर दादा स्वतः उभा राहिला. वरून उजेडातून आलेल्यांना तिथे आधी काहीच दिसायचं नाही. काही जण कठड्याला धरून, “इथे काही नाही वाटतं,” असं म्हणत पुढे निघायचे. दादा त्यांना म्हणायचा, “जरा थांबा. घाई नाही. डोळ्यांना सवय होऊ द्या.” लोक थांबायचे. त्याच्या आवाजात काहीतरी असावं, कारण गडबड करणारेही गप्प होत. हळूहळू निळ्या अंधारातून खडकाच्या ताटल्या वर येत. मग कपारी. मग कपारींतले मोठे डोळे, एक जोडी, दुसरी जोडी. आणि मग अंधारातून कोणाचा तरी हलका आवाज येई, “अगं, इथे तर केवढे आहेत!”

दादाला ते ऐकून प्रत्येक वेळी तितकाच आनंद व्हायचा. दुपारी त्याची पाळी संपली तरी तो तिथून हलला नाही. बायको आणि मासोळी दोनदा बोलवायला आल्या, तिसऱ्या वेळी त्याही कठड्याला टेकून उभ्या राहिल्या आणि तिघंही पुढच्या लोकांची वाट बघू लागली.